तेवीस नंबरचा शिक्का

व्हर्ना अ‍ॅबेल आमच्या शिवणखात्यात एकवीस वर्षं टाके तपासत होती. मी कापणार, दुसऱ्या बायका शिवणार आणि शेवटी व्हर्ना डोळे मिटून शिवणीवरून बोटं फिरवणार. टाका सुटला असेल तर भिंगाआधी तिच्या बोटाला कळायचं. मग तिचा तेवीस नंबरचा शिक्का पडायचा आणि माल नदीकाठच्या नौदलाच्या तळावर जायचा.

माल म्हणजे झालर. नौदल सध्या बिनमाणसाचं विमान तयार करतंय, जहाजावरून उडून दुसऱ्या विमानांना हवेतच इंधन पाजणारं. त्याच्या मागे लांब नळी, नळीच्या टोकाला टोपली आणि टोपलीच्या काठाला आमची कापडी झालर. वाऱ्याने झालर फुलते म्हणून टोपली स्थिर राहते आणि मागून येणाऱ्या वैमानिकाला तिच्यात आपली नळी घालता येते. झालर फाटली तर टोपली भरकटून त्याच्याच तोंडावर येणार. पुढचं विमान बिनमाणसाचं असलं तरी मागच्यात माणूसच असतो.

व्हर्नाचा मुलगा क्लिंट हेच इंधन पाजायचं काम करायचा, पण स्वतः विमानात बसून. नऊ वर्षांपूर्वी तो समुद्रावरून परतला नाही. व्हर्ना चौथ्या दिवशी कामावर हजर. चर्चच्या जेवणात ती पाला भरलेलं हॅम, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, वाढायची. कुणी क्लिंटचं नाव काढलं की विचारायची, "अजून एक तुकडा देऊ?" लोक म्हणायचे, बाई दगडाची आहे. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू?

गेल्या वसंतात एका सकाळी बघते तर व्हर्ना झालर तोंडाशी धरून बसलेली. वरचा ओठ शिवणीवरून हळूहळू सरकवत होती.

"काय गं, या वयात कापडाचे मुके?"

"गप बस, जोसी."

"अगं, पण बोटं कुठे गेली तुझी?"

तिने हात टेबलावर ठेवला. "टाचणी टोच."

मला वाटलं, थट्टा करतेय. मी टोचली. रक्ताचा ठिपका आला. ती खिडकीबाहेर गाड्या बघत होती.

मी चरकलेच. "कधीपासून?"

"तेच तर माहीत नाही. नऊ वर्षं सगळंच बधिर, त्यात बोटं कधी गेली ते कळलंच नाही. ओठाला मात्र कळतं. गेल्या आठवड्यापासून ओठानेच तपासतेय."

"मग झालं तर! कुणाला सांगायला जाऊ नकोस."

"त्याआधीची एक झालर तळावर गेलीय. विमानाला लावलीसुद्धा. परवा त्या टोपलीतून पहिल्यांदा एक वैमानिक इंधन घेणार आहे."

मला रागच आला. निवृत्तीला चौदा महिने उरलेले आणि हे काम सोडलं तर या बाईला घरी भिंतींशिवाय कुणी नव्हतं. "शिवणारीने नीटच शिवलं असेल. तोंड बंद ठेव," मी म्हटलं. ती उठली आणि सरळ साहेबाच्या खोलीत गेली.

आमचा साहेब डॉयल. त्याने तळावर फोन केला, उड्डाण पुढे ढकललं गेलं, झालर उतरवून आमच्याकडे परत पाठवली गेली.

"व्हर्नाबाई, मला तुमचा शिक्का काढून घ्यावा लागेल, कळतंय ना?"

"घे, बाळा."

खात्यातले दुसरे दोन तपासनीस दुपारभर भिंग लावून बसले. व्हर्ना शेजारी खुर्चीवर, हात मांडीत. शेवटी तिने विचारलं, मीही एकदा बघू का? त्यांनी झालर दिली. तिने ओठ फिरवला आणि परत केली. एकही टाका सुटलेला नव्हता.

तरी नियम तो नियम. डॉयलने तिच्यासमोरच शिक्क्यावरचा नंबर कानशीने घासून टाकला. त्याचे डोळे भरले होते. हिचे कोरडे.

गाडीपाशी तिच्या हातातून किल्ली दोनदा पडली. मीच उचलून दार उघडलं आणि मग माझ्याने राहवेना. "काय मिळवलंस, व्हर्ना? झालरीत काहीच खोट नव्हती! शिक्का होता, काम नीट होतं, कुणाला कळलंही नसतं."

ती आत बसली. पट्टा लावायला तिला बराच वेळ लागला.

"क्लिंटच्या विमानाच्या तपासणीचे सगळे कागद मी वाचलेत, जोसी," ती म्हणाली. "प्रत्येक ओळीपुढे शिक्का होता."