देवीचा तट आणि भैरूमामा

आमचा भैरूमामा गवंडी. चाकणच्या निम्म्या कंपन्यांची कंपाउंडं त्याच्या हातची, असं तोच सांगतो; त्यातलं निम्मं आपण सोडून द्यायचं. पण हात सरळ, यात वाद नाही.

गावचं देवीचं देऊळ म्हणजे छोटा किल्लाच. चारी कोपऱ्यांना बुरूज, बंदुका रोखायला जंग्या, वाकूनच आत जावं लागेल एवढी बुटकी दिंडी, म्हणजे दरवाजातलं लहान दार. पूर्वी लुटारू आले की अख्खं गाव धान्यागुरांसकट आत शिरायचं, असं म्हातारे सांगतात. तट दुहेरी, दगडांच्या मध्ये माती भरलेली. गेल्या वर्षी उन्हाळ्यात मामाने सेवा म्हणून तटाच्या सगळ्या दरजा सिमेंटने भरल्या आणि तळाची भोकंही बुजवली, साप येतात म्हणून. गावाने शाल-नारळ दिला. गडी महिनाभर हवेत होता.

ती भोकं पाणी जायला होती, हे त्याला दुसऱ्या पावसाळ्यात कळलं. आतल्या मातीत पाणी तुंबलं आणि पूर्वेचा तट पोट काढून पुढे आला. मामाने भेगेवर काचेची पट्टी चिकटवली. भिंत सरकत असेल तर काच तडकते. सकाळी काचेचे दोन तुकडे. तेव्हापासून त्याचं जेवण उडालं. कुणी हाक मारली तरी दचकायचा. मी विचारलं तर म्हणाला, पित्त झालंय. कसलं पित्त! पुरता टरकला होता. सांगावं तर शाल देणारेच तोंडावर थुंकतील, आणि न सांगावं तर तटाखाली माणसं.

घटस्थापनेला त्याच तटालगत बायकांची रांग लागली. ओटीचं सामान विकायला इंदुमामीही तिथेच, तटाखाली ती रोज बसते त्या जागेवर. वरून माती भुरभुरली, तसा मामाने पुजाऱ्याच्या हातातला माइक घेतला.

"भिंत पडनार हाय. चूक माजी हाय. भायेर निगा."

लोक हसले. मामी हसली नाही. नवऱ्याचा चेहरा तिने ओळखला, टोपली उचलली, शेजारच्या बाईचा हात धरला आणि चालू लागली. मग अख्खी रांग हलली.

अर्ध्या तासात तट कोसळला. खाली कोणी नव्हतं. कुणीतरी मामाच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, तुझ्या तोंडून देवीच बोलली राव.

मामीने फक्त विचारलं, कधीपासून ठाऊक होतं. चार दिवस, मामा म्हणाला.

"आन च्यार दिस मला तितंच बसू दिलंत?"