वर्ना स्कॉग्मोचं मत

वर्ना स्कॉग्मो कमी बोलायची, आणि जे बोलायची ते बहुतेक आकडेच असायचे. नॉर्डाल गावच्या धान्यकोठारात ट्रकच्या वजनकाट्यावर तिची अर्धी हयात गेली. काचेच्या खिडकीआड ती बसे. गव्हाने भरलेला ट्रक काट्यावर येऊन थांबे, ती वजन लिही, चिठ्ठी बाहेर सरकवी आणि ट्रक पुढे जाई. आसपासचा प्रत्येक शेतकरी तिने त्या खिडकीच्या चौकटीत म्हातारा होताना पाहिला होता. त्यांनीही तिला तसंच पाहिलं असणार, पण ते त्यांच्या लक्षात राहिलं नसावं.

शाळा मंडळावर ती आली तीही अशीच, कुणाच्या फारसं लक्षात न येता. एक सभासद वारला. पेरणीचे दिवस होते, त्याच्या जागी उभं राहायला कुणी तयार होईना. कुणीतरी म्हणालं, वर्नाचे आकडे चुकत नाहीत, तिलाच घाला. पुढे दर निवडणुकीत तिचं एकटीचंच नाव असे आणि ती निवडून येई. मंडळाची बैठक शाळेच्या वाचनालयात भरायची, पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर. पाच मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसायची आणि बॉयलर, बसचे टायर, बँडच्या मुलांचे गणवेश यांवर बोलायची. घरी आल्यावर ऑरव्हिल, तिचा नवरा, विचारायचा, काय झालं? ती म्हणायची, काही नाही. खरोखरच काही झालेलं नसायचं.

मग ते कोरडं वर्ष आलं. मे महिन्यातच गहू घोट्याएवढा होऊन थांबला आणि वाऱ्याबरोबर माती उडून कुंपणांशी साचू लागली. त्याच वर्षी शाळेचं छप्पर बदलायची वेळ यावी हा योग. सरकार मुलांच्या डोक्यांवर पैसे देणार, आणि डोकी तर दरवर्षी कमी होत चाललेली. उरलेलं सगळं जमिनीच्या पट्टीतून यायचं. म्हणजे दोनच वाटा होत्या. एक तर शाळापट्टी वाढवायची, नाही तर वरचे वर्ग बंद करून ती मुलं रॅडक्लिफला पाठवायची. रॅडक्लिफ चाळीस मैलांवर. मंडळात दोघे पट्टीच्या बाजूने, दोघे विरुद्ध. पाचवी वर्ना. तिचं मत कुठे आहे हे कुणाला विचारावं लागत नव्हतं.

तिला शाळेचा लळा होता असं नाही. ती स्वतः तिथेच शिकली होती आणि तिथे तिला काही फार सुख लाभलं नव्हतं. पण जानेवारीतली सकाळ तिला माहीत होती. वारा सुटला की उडत्या बर्फात जमीन आणि आभाळ यांच्यातली रेघ पुसली जाते, आणि रस्ता म्हणजे केवळ चालकाच्या मनातली समजूत उरते. त्या अंधारात फाट्यावर बसची वाट बघत उभी राहिलेली पोरं तिला दिसत. शिवाय बँक गेली होती, डॉक्टर गेला होता, रेल्वे न थांबता शिटी देऊन निघून जात होती. गाव एका दिवसात मरत नाही. त्याची बोटं आधी बधिर होतात, मग पाय. शाळा हा त्यातला शेवटचा गरम भाग होता, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि तेही तिने ऑरव्हिलखेरीज कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

निर्णय जूनच्या निवडणुकीनंतर व्हायचा होता, आणि त्या निवडणुकीत तिच्या जागेसाठी तिच्याविरुद्ध ड्वाइट ब्रेके उभा राहिला. चर्चमध्ये तो आणि त्याची बायको जॅनिस तिच्या पुढच्याच बाकावर बसत. त्याची मान तिला त्याच्या चेहऱ्याइतकीच पाठ होती. अर्ज भरण्याआधी तो स्वतः काट्यावर आला, रिकामा ट्रक घेऊन.

"वर्ना, मी उभा राहतोय," खिडकीशी वाकून तो म्हणाला. "तुझ्याविरुद्ध. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको म्हणून आलो."

"बरं केलंस."

"राग नाही ना?"

"राग कसला. कुणीतरी उभं राहायलाच हवं."

तो हलला नाही. टोपी मागे सारून त्याने कपाळ पुसलं. "माझी तिन्ही पोरं इथेच शिकली. एक डेन्व्हरला, एक मिनीआपोलिसला, आणि तिसरा कुठे आहे ते आम्हाला नाताळात कळतं. शाळेनं चांगलं शिकवलं म्हणूनच गेली की नाही? आता लोकांची पोरं घालवायला मी पट्टी भरू?"

 वर्नाचा स्वतःचा मुलगा सिएटलला होता. ती म्हणाली, "तुझ्या ट्रकचं मागचं चाक बसलंय, बघ." तो गेला.

प्रचार असा कुणी केला नाही. आमच्याकडे आपलं नाव आपणच घेत फिरणाऱ्याकडे लोक दारू प्यायलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात. शाळेच्या बाजूची माणसं वर्नाला म्हणत, आम्ही आहोत. पट्टीच्या विरुद्ध असलेलीही तिला म्हणत, आम्ही आहोत. तोंडावर दुसरं काय म्हणणार?

आता इथे वर्नाच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. अँडर्स लीन हा तालुक्याच्या रस्ते समितीवर वर्षानुवर्षं उभा राहायचा, कधी निवडून यायचा, कधी पडायचा. त्याच्याविरुद्ध बहुतेक वेळा शेजारचा इंगवाल्ड ओसेनच असे. अँडर्सने मुलीला शिकवलं होतं की मतपत्रिकेवर आपल्याच नावापुढे खूण करणं ही निर्लज्ज गोष्ट आहे. भला माणूस समोरच्याला मत देतो. समोरचाही भला असतो, तो आपल्याला देतो. फिटंफाट होते, कुणाचं काही जात नाही, आणि दोघांनाही रविवारी एकमेकांच्या तोंडाकडे बघता येतं. "मी इंगवाल्डला देतो, इंगवाल्ड मला देतो," तो म्हणायचा. "बाकीचं गावानं बघावं." वर्ना आजवर एकटीच उभी राहायची, तेव्हा प्रश्न यायचा नाही. ती आपल्या नावापुढची जागा कोरी सोडायची आणि घरी यायची.

जूनमधला मंगळवार होता. मतदान शाळेच्या जिममध्ये. छतावर जुन्या पाण्याचे तपकिरी डाग पसरलेले, त्यांच्याखाली पडद्याची चौकट. वर्ना आत गेली. मतपत्रिकेत वर ब्रेके, खाली स्कॉग्मो. पेन्सिल दोरीने बांधलेली होती. ती बराच वेळ उभी राहिली असावी, कारण बाहेरून कुणीतरी खोकलं. तिला फाट्यावरची पोरं आठवली. पण ड्वाइटही त्याच वेळी, किंवा सकाळी, किंवा संध्याकाळी याच पडद्याआड उभा राहून तिच्या नावापुढे खूण करणार होता, आणि तिने मात्र स्वतःचं नाव निवडलं तर ती त्याची फसवणूक होईल, असं तिला वाटलं. एखाद्याने कर्ज फेडावं आणि आपण कागद दाबून ठेवावा तसं. तिने ड्वाइटच्या नावापुढे खूण केली, पत्रिका दुमडली आणि पेटीत टाकली.

मोजणी उजेडातच संपली. आमच्याकडे त्या दिवसांत सूर्य मावळायला कंटाळा करतो. ड्वाइट ब्रेके एका मताने निवडून आला.

पुन्हा मोजलं. एकच मत.

वर्ना त्याचं अभिनंदन करायला गेली. तो पार्किंगमध्ये ट्रकला टेकून उभा होता. शर्टावर अजून शेताची धूळ होती, आणि चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता, सुटलेल्या माणसाचा होता.

"योग बघ," तो म्हणाला. "शेतातली मोटर बिघडली होती, मी येणारच नव्हतो. जॅनिसनं फोन करून करून आणलं. दारं बंद व्हायच्या आत पोचलो. मी आलो नसतो तर बरोबरी झाली असती."

वर्नाला आधी अर्थ लागला नाही. मग लागला.

"तू स्वतःला दिलंस?"

"मग कुणाला देणार?"

"मी तुला दिलं, ड्वाइट."

तो हसला. असले विनोद वर्ना करत नाही हे त्याला आठवलं तेव्हा थांबला. त्याने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. 

त्याने जॅनिसला सांगितलं. वाईट हेतूने नव्हे, सांगितल्यावाचून झोप येईना म्हणून. जॅनिसने बहिणीला सांगितलं. गुरुवारपर्यंत गोष्ट कॅफेमध्ये होती. पहिल्यांदा लोक हसले. कुणी बिल भरायला पुढे झालं की दुसरा म्हणायचा, राहू दे, वर्नागिरी नको करूस. मग हळूहळू हसणं आंबलं. ज्यांनी ड्वाइटला मत दिलं होतं ते म्हणू लागले, तिला शाळा हवी होती तर नीट मत द्यायला काय झालं होतं? जे मत द्यायला गेलेच नव्हते त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. एका माणसाच्या चुकीवर साऱ्या गावाचा बोजा ठेवता येतो हे कळल्यावर गावाला किती हलकं वाटतं, ते तिने तेव्हा पाहिलं. आठवीला शिकवणारी मिस रेनर, वरचे वर्ग बंद होताच जिची नोकरी जाणार होती ती, किराणा दुकानात तिच्यासमोर थांबली आणि शांतपणे म्हणाली, "तुमचं मन स्वच्छ राहिलं, स्कॉग्मोबाई. त्यासाठी मुलं चाळीस मैल जातील."

 घरी ऑरव्हिलने एकदाच विचारलं, "तुझ्या बापानं सांगितलं म्हणून?" ती हो म्हणाली. तो उठून अंगणात गेला.

शेवटचा घाव काट्यावर बसला. मेल्विन ओसेन, इंगवाल्डचा मुलगा, आता स्वतःच सत्तरीचा, जुने ओट्स घेऊन आला होता. चिठ्ठी घेऊनही तो खिडकीशी रेंगाळला.

"तुझ्या वडलांची आठवण आली सगळं ऐकून," तो म्हणाला. "आमचा म्हातारा दर निवडणुकीनंतर घरी येऊन हसायचा. म्हणायचा, अँडर्सनं आजही मला मत दिलं असणार."

"आणि तुझे वडील?"

"ते स्वतःलाच द्यायचे. पहिल्यापासून." मग त्याने विचारलं, "तुला माहीत नव्हतं?"

मागे दुसरा ट्रक उभा होता. वर्नाने त्याला पुढे यायची खूण केली.

जुलैमध्ये मंडळाची बैठक होती, त्यात वरच्या वर्गांचा निकाल लागायचा होता. आदल्या रविवारी चर्चनंतर ड्वाइट तिच्या घरी आला. एकटाच. स्वयंपाकघरात टेबलाशी बसला. तिने कॉफी हवी का विचारलं, तो नको म्हणाला. पुन्हा विचारलं, कशाला त्रास म्हणाला. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने कप पुढे केला. आमच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरा समजतात, आणि एकदाच विचारून थांबणारा कंजूष. वर्नाने वेलचीचा ब्रेड कापून ठेवला.

तो खूप वेळ पावसाबद्दल, म्हणजे नसलेल्या पावसाबद्दल बोलला. मग कप फिरवत राहिला.

"वर्ना, ते मत काही माझं नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "तुझंच होतं. मला रात्री झोप नाही. लोकांना मी शब्द दिलाय हे खरं. पण तू म्हणत असशील तर परवा मी शाळेच्या बाजूनं हात वर करतो. एक वर्ष तरी. सांग, करू?"

हीच ती गोष्ट होती. टेबलावर, ब्रेडच्या बशीशेजारी, सगळी शाळा ठेवलेली होती. छप्पर, बॉयलर, मिस रेनर, फाट्यावरची पोरं. हो म्हणायचं, एवढंच काम. आणि आपले सगळे रिवाज मेलेले आहेत, बापाच्या काळातही ते धड जिवंत नव्हते, हे आता तिच्याइतकं साऱ्या नॉर्डालमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं.

"छे," ती म्हणाली. "तू लोकांना शब्द दिलायस. माझ्यासाठी नको."

ती थांबली. तो पुन्हा विचारील. पुन्हा विचारलं की ती म्हणणार होती, तुला अडचण होईल. आणि तिसऱ्यांदा विचारलं की ती म्हणणार होती, बघ बाबा, तुझी मर्जी असेल तर. शब्द तयार होते, जिभेच्या मागेच उभे होते.

ड्वाइटच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. त्याने लांब श्वास सोडला. "तू मोठ्या मनाची आहेस," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं तू असंच म्हणशील." त्याने उरलेली कॉफी एका घोटात संपवली, ब्रेड छान झालाय म्हणाला, टोपी घेतली. दाराशी तिने हाक मारली, "ड्वाइट," आणि तो वळला. वळल्यावर त्याचा चेहरा इतका मोकळा, इतका उपकृत होता की तिला पुढचं सुचेना. ती म्हणाली, "जॅनिसला विचारलं म्हणून सांग."

मंगळवारी ती वाचनालयात मागे, लोकांमध्ये बसली. वरचे वर्ग बंद करायच्या बाजूने तीन हात वर गेले, तिसरा ड्वाइटचा. त्याने हात वर ठेवूनच तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली, जणू दोघांनी मिळून काही पार पाडलं होतं.

सप्टेंबरमध्ये रॅडक्लिफची बस सुरू झाली. ती कोठाराच्या वळणावरून जायची, खिडकीसमोरून. वर्ना काट्यावर बसून असे. बसचं वजन करायचं नसतं, ती थांबतही नसे, पण ती जाईपर्यंत वर्ना हातातली पेन्सिल खाली ठेवत असे.