अतिशय समाधानी

बांग इनओकने गेल्या सतरा वर्षांत कुणालाही पाचाहून एकही तारा कमी दिलेला नव्हता. पार्सल पावसात दाराबाहेर टाकून जाणारा, बॉयलर दुरुस्त करायला येऊन आणखी बिघडवून जाणारा, दाढ काढताना तिचे डोळे पांढरे करणारा दंतवैद्य, सगळ्यांना तिच्याकडून एकच शेरा मिळायचा: ‘अतिशय समाधानी’. ती भोळी होती म्हणून नव्हे. दक्षिण कोरियातल्या देजॉन शहराच्या ज्या कॉल सेंटरमध्ये ती फ्रीज आणि वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकायची, तिथे ‘समाधानी’ म्हणजे नापास, आणि ‘साधारण’ म्हणजे सुपरवायझरच्या टेबलापुढे उभं राहून स्वतःच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग ऐकणं. हे ज्याने एकदा भोगलंय, तो दुसऱ्याच्या नावापुढे चार तारे कशाला दाबेल?

तर अशा या इनओकला चोपन्नाव्या वर्षी फोनची भीती बसली.

झालं ते मार्चमध्ये. एका गृहस्थाचा किमचीचा, म्हणजे मुरवलेल्या भाज्या ठेवायचा, फ्रीज बंद पडला आणि सगळ्या घराने मिळून हिवाळ्यात घातलेली वर्षाची किमची नासली. माणूस चाळीस मिनिटं ओरडत होता. नियमाप्रमाणे दोनदा ताकीद देऊन फोन ठेवता येतो, पण नियम भिंतीवर असतो आणि तारे पगारात. इनओक क्षमा मागत राहिली. या कंपनीत फोन लागायच्या आधी एक गोड आवाज सांगतो, की तुमच्याशी बोलणारी व्यक्तीही कुणाची तरी आई, कुणाची तरी लेक आहे. शिव्या कमी पडाव्यात म्हणून केलेली सोय. त्या गृहस्थाने तीच उचलली. फोन ठेवताना तो म्हणाला, “तुझ्या मुलीला माहीत आहे का, तिची आई दिवसभर काय ऐकून घेते?”

त्यानंतर कामावर काही बिघडलं नाही. कानाला हेडसेट लागला की वाक्यं आपोआप यायची. बिघडलं ते घरी. फोन थरथरला की एकही वाक्य सुचायचं नाही, हात पुढे व्हायचा नाही, आणि तो फोन बहुतेक वेळा मुलीचा असायचा.

दासोल दूर उल्सान शहरात राहायची आणि रोज संध्याकाळी जेवण झालं की फोन करायची. इनओक टेबलावरच्या फोनकडे पाहत बसायची, तो गप्प झाला की दहा मिनिटांनी लिहायची, ‘अंघोळीला गेले होते’, आणि खाली नाचणाऱ्या सशाचं चित्र. त्या काही महिन्यांत तिने इतक्या अंघोळी केल्या, की एव्हाना कातडी सोलून निघायला हवी होती. मे महिन्यात दासोलला दिवस गेल्याची बातमीसुद्धा तिने मेसेजवरच वाचली, आणि मेसेजवरच रडणाऱ्या सशाचं चित्र पाठवलं. खरी इनओक तेव्हा स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती.

दासोलने आपल्या परीने अर्थ लावला. नवऱ्याने चांगली नोकरी सोडून सायकलींचं दुकान टाकलं, ते आईला पटलेलं नाही, म्हणून ती बोलत नाही. तिने तसं लिहूनही टाकलं, की बाळ झाल्यावर तरी फोन उचलशील ना, की तेव्हाही अंघोळीलाच असशील. इनओकला जावई मनापासून आवडायचा. पण हे सांगायला फोन उचलावा लागणार होता. नोव्हेंबरात बाळ येणार, त्याच्या आत हे जमलं नाही तर मुलगी कायमची दुरावेल, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

मनाच्या डॉक्टरकडे जायची तिची छाती नव्हती. तिकडे गेलं की नोंद होते आणि नोंद झाली की विमेवाले दार लावून घेतात, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. शिवाय तो दवाखाना नेमका तिच्या बँकेच्या वर, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या शेजारणीसकट सगळ्यांच्या नजरेत. म्हणून जूनमध्ये तिने फोनवर एक ॲप घेतलं. त्याचं नाव ओसरी अशा अर्थाचं काहीतरी होतं. महिन्याच्या महिन्याला पैसे आपोआप कापले जात, आणि समुपदेशक दिवसातून दोनदा लेखी उत्तर देई. कुणाचा आवाज नाही, कुणाचा चेहरा नाही. बसमध्ये बसून तिने पहिल्यांदा लिहिलं, ‘मला माझ्या फोनची भीती वाटते.’ हे वाक्य तिने तोपर्यंत आरशातसुद्धा म्हटलेलं नव्हतं. तेवढ्यासाठी ॲपचे उपकार मानायलाच हवेत, आणि ती मानतही होती.

पुढचं मात्र हळूहळू कळत गेलं. पहिली समुपदेशक तीन आठवड्यांत गेली, का ते कुणी सांगितलं नाही. दुसऱ्याला किमचीच्या फ्रीजची गोष्ट पुन्हा अथपासून सांगावी लागली. तोही गेला. तिसरी आली तेव्हा इनओकने जुना मजकूर जसाच्या तसा चिकटवून पाठवला, आणि आपणच आपल्या दुःखाचा तक्रार क्रमांक झालो असं तिला वाटलं. फार वाईट संध्याकाळ असली, तरी उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी ठरल्या वेळीच यायचं, तोवर ती संध्याकाळ कशीबशी एकटीनेच रेटलेली असायची. आणि ‘तुम्हाला किती त्रास झाला असेल, हे मी समजू शकते’ हे वाक्य वाचलं की तिला हसू यायचं. हेच वाक्य ती स्वतः रोज चाळीस वेळा म्हणायची.

तिसरी बाई मात्र जरा वेगळी निघाली. तिचं नाव बेक चोरोंग. तिने ते वाक्य एकदाच लिहिलं आणि लगेच खाली विचारलं, “किमची मुळ्याची होती की कोबीची? मुळ्याची असेल तर त्या माणसाचं दुःख मला थोडं कळतं.” त्या दिवशी इनओक बसमध्ये एकटीच हसली, शेजारच्या आजोबांनी वळून पाहिलं.

दर रविवारी ॲप दोन गोष्टी विचारायचं. हा आठवडा कसा गेला? आणि समुपदेशकाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? इनओक दोन्हीकडे डोळे मिटून सर्वांत वरचं बटण दाबायची. दुसऱ्या प्रश्नाचं तर सोडाच, पण पहिल्या प्रश्नाचा अर्थही तिच्यासारखीला कुणी समजावून सांगायला नको होता. पेशंट बरा नसेल तर शेवटी मान कुणाची कापतात? पेशंटची नाही. त्या पोरीच्या पोटावर पाय द्यायला इनओकचं मन तयार नव्हतं. म्हणून मंगळवारी ती लिहायची की आजही फोन उचलता आला नाही, आणि रविवारी हिरवं हसरं तोंड दाबून मोकळी व्हायची.

असे अकरा रविवार गेले. बाराव्या सोमवारी ॲपने तिचं अभिनंदन केलं. पडद्यावर रंगीत कागद उडाले. तुमच्या मनाची तब्येत हिरव्या रेषेच्या वर स्थिरावली आहे, तेव्हा यापुढे समुपदेशकाचं उत्तर आठवड्यातून एकदा, आणि बाकीचे दिवस श्वासाचे धडे. इनओक त्या कागदांकडे पाहत राहिली. ती बरी झाली होती, फक्त तिला कुणी कळवलं नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत ती शेजारच्या खुर्चीवरच्या म्योंगसिमताईंबरोबर कालगुकसू खायला गेली. म्योंगसिमताई तिच्याहून पाच वर्षांनी मोठ्या, तोंडाने तिखट. नूडल्स गार होत होत्या, इनओकचं लक्ष नव्हतं. ताईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा वाटी ओढून घेतली, तेव्हा सगळं बाहेर आलं. फोन, दासोल, अंघोळी, ॲप आणि हिरवं तोंड.

ताईंनी वाटी परत तिच्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, “म्हणजे तू पैसे भरून तिथे जातेस, आणि तिथेही गिऱ्हाइकाची सेवाच करतेस.”

इनओक म्हणाली, “त्या मुलीचे मार्क कापले असते हो ताई.”

“कापू देत. आठवडा कसा गेला, हा प्रश्न तुझा आहे का तिचा, एवढं तरी बघशील? आणि त्या डबड्याला तरी काय दोष देऊ? तू दाबलंस तेच त्याने मानलं. त्याला डोळे कुठे आहेत तुझं तोंड बघायला?”

मग म्योंगसिमताईंनी, सतरा वर्षांत पहिल्यांदा, स्वतःचं सांगितलं. मुलाच्या अपघातानंतर त्या वर्षभर वॉर्डाच्या मानसिक आरोग्य केंद्रात जात होत्या. आरोग्य कार्यालयाच्या मागची बैठी इमारत, फी नाही, बाहेर कुंड्यांत मिरच्या लावलेल्या. पहिल्या दिवशी त्या आत जाऊन म्हणाल्या की मी ठीक आहे, सहज आले. समोरची बाई म्हणाली, मग गळ्यातला रुमाल का भिजला आहे? “चेहरा समोर असला ना, की तारे देता येत नाहीत गं,” ताई म्हणाल्या. आणि विमेवाल्यांची भीती? ताईंनी तिथे पहिल्याच दिवशी तेच विचारलं होतं, आणि त्या बाईने घाई न करता सगळं समजावून सांगितलं होतं. “तूही जाऊन विचार. न विचारताच घाबरायची सवय लागलीये आपल्याला.”

त्याच संध्याकाळी इनओकने आठवड्याचं एकुलतं एक पत्र चोरोंगला लिहिलं. अकरा रविवार मी खोटं बोलले, तुमच्यासाठी बोलले, आता तुमचेच मार्क खाली येणार, मला माफ करा. सवयीने तिने क्षमा चार वेळा मागितली होती. पाठवताना तीन काढून टाकल्या.

उत्तराला दोन दिवस लागले. ते नेहमीसारखं नव्हतं, आणि त्यात एकही घडीव वाक्य नव्हतं. चोरोंगने लिहिलं होतं:

“बांगताई, माफी मीच मागायला हवी. तुम्ही मंगळवारी काय लिहिता आणि रविवारी काय दाबता, ते मला दिसत होतं. मी विचारलं नाही. माझ्याकडे साठ माणसं आहेत, आणि तुमच्या हिरव्यामुळे माझंही बरं चाललं होतं. तुम्ही मला सांभाळलंत, मी सांभाळू दिलं. हे काम उलट व्हायला हवं होतं. तुम्हाला समोर बसणारं माणूस हवं आहे. इथे लिहिलेलं सगळं छापून घ्या आणि बरोबर न्या, म्हणजे फ्रीजची गोष्ट चौथ्यांदा सांगावी लागणार नाही.”

इनओकला राग आला. साठ माणसांतली एक म्हणून आला, अकरा आठवडे वाया गेले म्हणून आला. मग तिला आठवलं, की फोन ठेवताना तीही रोज कितीतरी बायकांच्या आवाजातलं रडू ऐकते, आणि पुढचा फोन वाजतोय म्हणून विचारत नाही. राग ओसरला नाही, पण त्याला माणसाचा चेहरा आला. सतरा वर्षांत आपल्या चुकीबद्दल तिची कुणी माफी मागितली नव्हती. तिने ते पत्र तीनदा वाचलं.

रविवारी ॲपने पुन्हा विचारलं. आठवडा कसा गेला? तिने लाल, तोंड पाडलेला चेहरा दाबला. समुपदेशकाबद्दल किती समाधानी? तिने बराच विचार केला आणि ‘अतिशय’ दाबलं. दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असण्याची तिच्या आयुष्यातली ही पहिलीच खेप. मग ॲप बंद करायला गेली, तर ते बटण चार पडद्यांच्या मागे दडवलेलं, आणि प्रत्येक पडद्यावर एक बाहुली रडत विचारत होती की खरंच जाणार का. इनओकने एके काळी दोन वर्षं सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकांना थोपवायच्या टेबलावर काढली होती. बाहुलीला ती चौथ्या पडद्यावर म्हणाली, “चांगलं काम करतेस बाई,” आणि बटण दाबलं.

गुरुवारी कागदांची चळत घेऊन ती केंद्रात गेली. तिथेही काही जादू नव्हती. आठवड्यातून एकच वेळ मिळायची, रजा काढावी लागायची, आणि पहिल्या दिवशी दारात वरच्या मजल्यावरची शेजारीण भेटली, जिला चुकवायला तिने ॲप घेतलं होतं. दोघींनी एकमेकींना वाकून नमस्कार केला आणि मिरच्यांच्या कुंड्यांकडे पाहिलं. आतल्या समुपदेशक, सोबाई, वयाने मोठ्या होत्या. त्यांनी कागद सगळे वाचले, मग इनओकचा फोन टेबलावर मधोमध ठेवला आणि आपल्या फोनवरून वाजवला. उचलायचा नाही, फक्त दोघींनी मिळून त्याच्याकडे बघायचं. पहिल्या गुरुवारी इनओकला घाम फुटला. चौथ्या गुरुवारी तिने उचलला आणि पलीकडून, दीड हातावरून, सोबाई म्हणाल्या की बाहेर काय छान ऊन पडलंय.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, भर दुपारी, इनओक बाळंतिणीला द्यायच्या सूपासाठी समुद्री शेवाळ निवडत बसली होती. फोन थरथरला. दासोलने रोजची वेळ कधीच सोडून दिली होती, आता ती आठवड्यातून एकदाच, नावापुरता फोन करायची. भीती आलीच. तिने ओले हात पुसले आणि उचलला.

तोंडातून आपोआप निघालं, “नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?”

मग दासोल सावकाश म्हणाली, “आई? तू बरी आहेस ना?”

उत्तर जिभेवर तयार होतं. इनओकने ते गिळलं. “नाही गं, बरी नव्हते. तुझ्यावर रागावले नव्हते, तुझ्या नवऱ्यावर तर मुळीच नाही. मला फोनचीच भीती वाटायची. आता साधारण आहे.”

“साधारण?” दासोलने विचारलं. आईच्या तोंडून हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता.

“साधारण,” इनओक म्हणाली. “तुझं कसं आहे?”

पलीकडे आधी हुंदका आला, मग नाक ओढल्याचा आवाज. रोज मेसेजमध्ये मस्त, एकदम मस्त लिहिणारी मुलगी म्हणाली, “माझंही साधारणच गं आई. पाय सुजलेत, झोप नाही, आणि भीती वाटते. तू ये ना.”

इनओक फोन कानाला तसाच धरून कपाटावरची बॅग खाली काढू लागली.