तयार वेबसाइट, वरून अय्यूबचा कोड

आमच्या ऑफिसात कोडपेक्षा किस्सेच जास्त साठतात. कोडचा निदान बॅकअप तरी घेतो आम्ही, किश्शांचा कुणी घेत नाही. चहाला चार जण बसले की एकेक बाहेर निघतो आणि नेमका रंगात आला की कुणाचा तरी फोन वाजतो. आज फोन सायलेंट करून बसलोय!

ऑफिस म्हणजे बीडमधली झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. माणसं दोन, मी आणि अय्यूब. गिऱ्हाइकाला मजकूर, फोटो स्वतःच बदलता येतील अशी तयार वेबसाइट मी उभी करून देतो. तिच्यात जे मिळत नाही ते, म्हणजे बुकिंग, हजेरी, मेसेज असलं सगळं, अय्यूब कोड लिहून जोडतो. तो गिऱ्हाइकाला समजावतो, "शर्ट रेडिमेड हाय. खिसे मी शिवून देतो."

एकाने लगेच विचारलं, "अन् बटनं?"

त्याला वेबसाइटवरची बटणं म्हणायची होती, हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं!

*

चौसाळ्याच्या बळीरामकाकांचं बी-बियाण्यांचं दुकान. शेतकऱ्यांना फवारणीचं मशीन घरबसल्या बुक करता यावं, अशी सोय अय्यूबने त्यांच्या साइटला जोडून दिली. छान चाललं होतं. एका सकाळी बघतो तर बुकिंग गायब! बटण नाही, पान नाही, काहीच नाही. अय्यूबने फोन लावला.

"काका, साइटवरून काही काढलंत का?"

"काढलं ना. तुमीच म्हनले होते, नको ते काढत जा, साइट हलकी राहती."

"अहो, ते बुकिंगचं होतं!"

"तसं कुठं लिवलंय? तिथं तर 'अय्यूब टेस्ट दोन' लिवलं होतं. मला वाटलं तुमची परीक्षा उरकली." मग त्यांनी काळजीने विचारलं, "पास झाले का न्हाई?"

तेव्हापासून अय्यूब आपल्या प्रत्येक कामाला एकच नाव देतो, 'काढू नका काका'. गेवराईच्या डेंटिस्ट मॅडमच्या साइटवरसुद्धा हेच नाव आहे!

*

त्या मॅडमचाच किस्सा. त्यांना पेशंटची नोंद साइटवरूनच हवी होती. एकच माणूस दोनदा नोंदला जाऊ नये म्हणून अय्यूबने हुशारी केली. नाव सारखं आणि जन्मतारीख सारखी, तर माणूस एकच!

पुण्यात चाललं असतं हे. आमच्याकडे ज्याची जन्मतारीख घरात कुणी लिहून ठेवली नाही, त्याला शाळेत घालताना मास्तरांनी एक जून देऊन टाकली. अर्धा तालुका एक जूनचा, आणि नावंही तीच ती!

महिन्याभराने मॅडमचा फोन. आवाज शांत, पण फारच शांत.

"तुमच्या कंप्युटरच्या म्हणण्यानुसार मी एका माणसाचे आतापर्यंत एकोणचाळीस दात काढलेत."

मी आकडा परत विचारणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"आणि उद्या सकाळी परत अपॉइंटमेंट आहे त्यांची!"

मी अय्यूबवर भडकलो. "तुला एवढं कळू नये का बे?" तो मान खाली घालून बसला. मग हळूच म्हणाला, "सगळ्यात जास्त मलाच कळायला पाहिजे होतं. माझी पण एक जूनच हाय."

*

पालीचे तात्या शेळ्या-मेंढ्या पाळतात. पिढीजात धंदा. त्यांना आणि त्यांच्या भावकीला शेळ्या विकायची साइट करून दिली. दुकानाची तयार साइट होती, त्यात साबण काय आणि शेळी काय, सारखंच. फरक एवढाच की एक शेळी एकच असते. म्हणून कुणी ती खरेदीच्या यादीत घेतली की मालकाला लगेच मेसेज जाईल आणि तासभर ती दुसऱ्याला दिसणार नाही, अशी सोय अय्यूबने केली. मेसेजचं मराठी मात्र माझं. 'ॲडेड टू कार्ट'चं मी सरळ मराठी केलं होतं.

पहिल्याच दिवशी दुपारी तात्यांच्या फोनवर मेसेज आला, "आपली शेळी गाडीत टाकण्यात आली आहे."

तात्या जेवत होते. ताटावरून उठले, काठी घेतली आणि पळत सुटले! मागे दोन भाऊ, त्यांच्या मागे कुत्रं. वाड्यावर जाऊन बघतात तर शेळी निवांत रवंथ करत बसलेली.

धापा टाकतच त्यांनी मला फोन केला. "शेळी तर हितंच हाय की! कुणाची टाकली बे गाडीत?"

मी खुलासा केला, माफी मागितली. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बरं झालं पर. हिला इकायची न्हाई आता. पळताना कळलं, लई जीव हाय हिच्यावर."

साइटवरची पहिली विक्री अशी गेली!

*

एका शाळेच्या साइटसाठी अय्यूबने सात दिवस घालवले. मुलांचे फोटो कसेही काढलेले असले तरी चेहरा बरोबर मधोमध यायला हवा होता. आठव्या दिवशी जमलं. त्याने मला उभं करून दाखवलं, आईला व्हिडिओ कॉल करून दाखवलं, खालच्या झेरॉक्सवाल्याला वर बोलावून दाखवलं.

संध्याकाळी मला दिसलं, की तीच सोय तयार साइटच्या सेटिंगमध्ये होती. एक टिक करायची, बस!

मी ती टिक केली नाही. त्याला अजून सांगितलेलंही नाही.

*

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी एक वसतिगृह आहे. आईबाप कर्नाटकात उसाच्या फडावर, लेकरं इथे. तिथल्या मॅडमसाठी आम्ही साइट केली. अय्यूबने प्रत्येक लेकराचं वेगळं पान बनवलं. मॅडम रोज सकाळी हजेरी लावून एक फोटो टाकतात, आईबापांनी फडावरून लिंक दाबली की आपलं लेकरू दिसतं.

एके दिवशी साइट बघताना अय्यूब म्हणाला, "ए, हे बघ. राणी नावाच्या पोरीचं पान एकाच फोनवरून सारखं उघडतंय. दर पाच-सात मिनिटाला. माणूस असं करत न्हाई बे, आपोआप चालणारा बॉट हाय." आणि त्याने तो फोन ब्लॉक केला.

तासाभरात मॅडमकडून नंबर घेऊन एका बाईचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज. बाई रडत होती.

"साहेब, माझ्या राणीला शाळेतून काढलं का? मुकादमानं वाचून दावलं, 'प्रवेश नाही' असं लिवलंय फोनवर."

अय्यूबने माझ्या हातातून फोन घेतला. "न्हाई न्हाई मावशी, राणी शाळेतच हाय. माझी चूक झाली. थांबा, आत्ता उघडतंय. दाबा."

तिने लिंक दाबली. मग आवाज आला, "दिसली. निळा फ्रॉक घातलाय."

फोन ठेवता ठेवता अय्यूबने विचारलं, "मावशी, फोटो तर दिवसातून एकदाच बदलतो. तुमी सारखं सारखं कावून उघडता?"

"सारखं कुठं, भाऊ? मोळी डोक्यावर न्यायची, ट्रकवर चढवायची अन् माघारी यायचं. येताना तेवढे हात रिकामे असत्यात."