पाजायचं का फवारायचं?

शहागंजातल्या खत-बियाण्यांच्या दुकानात त्रिंबकला नुसतं "औषध द्या" म्हणून बघा. देणार नाही. "पाजायचं का फवारायचं?" एकदा विचारील, दोनदा विचारील, तिसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज चढलेला असतो. गिऱ्हाइकं हसतात. हसू द्या. त्यांना काय ठाऊक!

हा गडी मूळचा करमाडकडच्या मेंढक्याच्या घरातला. पण शब्दांचं भारी वेड. वनस्पतिशास्त्र शिकला, झाडांची लॅटिन नावं पोपटासारखी म्हणायला लागला, आणि चिकलठाण्यात जनावरांच्या औषधाच्या एका छोट्या कारखान्यात लेबलं लिहायला लागला. मालक व्यंकटरावांच्या मुलीनं परदेशातून लॅटिन कोशाची सीडी पाठवली होती. शब्द टाइप केला की इंग्रजीत अर्थ, अन् निळ्या अक्षरांवर क्लिक केलं की दोन हजार वर्षांपूर्वीचा मजकूर समोर! त्रिंबक त्यापायी जेवणाचा डबाही विसरायचा.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात परदेशाहून पिंपं आली. वाटेत भिजून लेबलं निघालेली, एकच लॅटिन शब्द शिल्लक होता: वेनेनम. व्यंकटराव म्हणाले, "जनावरांचं आहे एवढं नक्की. कागद मागून येतील. तू मराठी लेबल कर, लवकर."

पडद्यावर पहिला अर्थ आला: औषधी रस. खाली आणखी ओळी होत्या, निळी अक्षरंही होती, पण मालक डोक्यावर उभे. त्रिंबकनं वळणदार अक्षरात लिहिलं, 'औषध'. हाच तो गाढवपणा. त्या पिंपातून भरलेली नमुन्याची एक बाटली त्यानं रविवारी आईला नेऊन दिली, कारण तिच्या मेंढरांना जंत झाले होते.

आई बानाबाईनं बाटली उलटीसुलटी करून पाहिली. "कंचं अवशिद रं? पाजायचं का फवारायचं?"

तिचं काय चुकलं? आपल्याकडं कपाशीवर मारतात तेही औषधच. अमक्यानं औषध घेतलं म्हटलं की गाव धावत सुटतं. पण त्रिंबक हसला. "माय, कोशात बघून लिहिलंय मी. पाजायचं."

"बरं बाबा. भोगीला पाजते समद्यांला."

बानाबाईचा एक नेम होता. मेंढरांना पाजायचं ते आधी स्वतः घोटभर घ्यायची. "मुकं जनावर बोलत नाय," म्हणायची, "मला तरी कळंल." हे त्रिंबक लहानपणापासून बघत आला होता. त्या रविवारी नेमकं आठवलं नाही.

भोगीचा दिवस उजाडला तो बंदोबस्तात. ज्या नावासाठी माणसं सोळा वर्षं झगडली, ज्यापायी घरं जळाली, ते नाव नामांतर होऊन विद्यापीठाला उद्या मिळणार अशी कुणकुण होती. कारखान्यात निम्मेही कामगार नव्हते. रिकामपणी त्रिंबकनं सीडी लावली, तोच शब्द काढला आणि निळ्या अक्षरांवर क्लिक केलं. जुनी रोमन कथा उघडली. राणीनं राजाच्या पेल्यात वेनेनम घातलं, अन् राजा ताटावरच आडवा झाला.

मागं जाऊन त्यानं खालच्या ओळी वाचल्या. पहिला अर्थ कधीच वापरातून गेलेला. दुसरा अर्थ, विष.

"पिंपांना हात लावू देऊ नका!" व्यंकटरावांना एवढं ओरडून तो निघाला. गावात फोन नव्हता, एसटी बंद होती. जालना रोडवर सायकल हाणली. पोलिसांनी दोनदा अडवलं. नाव काय? आडनाव काय? कुठं निघाला?

"मायकडं, साहेब. जाऊ द्या."

घरी पोचला तर वाड्यात मेंढरं ओरडत होती. सगळी जिवंत, धडधाकट. "मल्हारी पावला!" म्हणत त्यानं सायकल भिंतीला टेकवली. मग त्याच्या ध्यानात आलं, सूर्य डोक्यावर आला तरी मेंढरं कोंडलेलीच आहेत.

ओट्यावर बाटली होती, बूच काढलेली. त्याच्याच वळणदार अक्षरात 'औषध'. एका घोटानं कमी झालेली. अन् दाराच्या आत बानाबाईचे पाय दिसत होते.