डोन्या ओबदुलियाच्या बाथरूममधली पाचव्या ओळीतली फरशी

फिदेलिया टेकने एकदा डूख धरला की धरला. ती माझी कोमाद्रे आहे, म्हणजे माझ्या थोरलीच्या बाप्तिस्म्याला पोर तिनेच हातात धरली होती. तरीही सांगते, तिच्या वाटेला जाऊ नये.

सिमेंटच्या रंगीत फरशा हाताने पाडणारी आमच्या मेरिदा शहरात ती एकटीच बाई. ती शिकत होती तेव्हा कारखान्यात एक जुना कारागीर होता. बाईचा हात लागला की फरशीला तडा जातो, असं तो येताजाता म्हणायचा. फिदेलिया फरशा पाडत राहिली. चार वर्षांनी त्याच्याच घरचं काम तिच्याकडे आलं. काम तिने सुरेख केलं, फक्त न्हाणीघराचा उतार मोरीकडे न देता बोटभर खोलीकडे दिला. आजही तो अंघोळ करतो आणि पाणी जाऊन त्याच्या झोपायच्या झोळीखाली साचतं. मला हे आठवलं की अजून बरं वाटतं.

आम्ही दोघी अठरा वर्षं जोडीने कामं करतो. जमीन तिची, भिंती माझ्या. चुकुमच्या झाडाची साल उकळून त्या तांबड्या पाण्यात मी चुना कालवते आणि गुळगुळीत दगडाने भिंत घोटते. त्या भिंतीत पाणी मुरत नाही. तिच्या फरशीची तर तुम्ही मेलात तरी झीज होणार नाही, कारण रंग वरून फासलेला नसतो, चांगला चार मिलिमीटर खोल असतो. सुंदर आणि टिकाऊ एकाच वेळी हवं असेल तर लोक आमच्याकडे येतात, आणि डोन्या, म्हणजे बाईसाहेब, ओबदुलिया नोवेलोही त्यासाठीच आली.

डिसेंबरातल्या बाळ येशूच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना त्या वर्षी तिच्याकडे होत्या. आमच्या सान सेबास्तियान मोहल्ल्यात ज्याच्या घरी प्रार्थना त्याचं दार नऊ दिवस सताड उघडं. आमंत्रण कुणाला नाही आणि मज्जाव कुणालाच नाही. आलेल्या प्रत्येकाला घरच्या बाईने स्वतःच्या हाताने तांदळाचं गोड ओर्चाता द्यायचं. म्हणजे शंभर माणसं येणार, ओर्चाता पिणार, आणि ओर्चाता प्यायलेली माणसं बाथरूम शोधणार. डोन्याचं बाथरूम नवऱ्याच्या वेळचं होतं, गुलाबी टाइल्स तडकलेल्या, कोपरे काळे पडलेले.

"सुंदर हवं आणि टिकाऊही हवं," डोन्या म्हणाली. "मी गेल्यावरही लोकांनी नाव काढलं पाहिजे, ओबदुलियाने काय बाथरूम केलं होतं म्हणून!"

"काढतील ना," फिदेलिया इतक्या गोड आवाजात म्हणाली की मी चमकून तिच्याकडे पाहिलं.

मग तिने सामान सुचवायला सुरुवात केली. बेसिनखाली पांढरं चकचकीत कपाट, दाबलेल्या भुशाच्या बोर्डाचं. नळ सोन्याच्या मुलाम्याचे. छताला प्लास्टरचे गुलाब. जमिनीला आरशासारखी तुळतुळीत मोठी टाइल. प्रत्येक नमुन्याला डोन्या "अहाहा" करत होती. मी फिदेलियाला चिमटा काढला, तर तिने माझा पाय तुडवला.

रस्त्यावर आल्यावर मी भडकले. "डोकं फिरलंय का तुझं? इथे माणसं दिवसातून तीनदा अंघोळ करतात. विहिरीचं पाणी सगळं चुन्याचं. तो बोर्ड पुढच्या पावसाळ्यात पावासारखा फुगेल. सहा महिन्यांत नळांचं सोनं सोलून निघेल. आणि त्या टाइलवरून म्हातारी घसरली म्हणजे?"

"कंबर मोडेल," फिदेलिया म्हणाली. "मोडू दे."

"अगं पण का?"

"माझी आई त्या घरात अकरा वर्षं कामाला होती, नेमे."

तिची आई कासिल्दा चिम माझ्या चांगल्या ओळखीची. म्हातारी घरी बसून इपिलवर, म्हणजे आमच्या बायकांच्या सैल पांढऱ्या झग्यावर, फुलं भरते. आमचं चर्च दारात असून ती दोन कोस चालत दुसऱ्या चर्चला जाते. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. ते त्या दिवशी भर उन्हात, फळवालीच्या छपराखाली कळलं.

एकतीस वर्षांपूर्वी डोन्याची अंगठी हरवली होती. सोन्याची, वर लाल पोवळं. रविवारची प्रार्थना सुटून माणसं बाहेर पडत होती, नेमक्या त्या वेळी डोन्याने कासिल्दाला रस्त्यावर काढलं आणि तिचं बोचकं सगळ्यांसमोर उपसलं. कपडे रस्त्यावर विखुरले. नऊ वर्षांची फिदेलिया आईचे परकर गोळा करत होती आणि लोक बघत होते. अंगठी काही निघाली नाही. पण चोर हे नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यानंतर त्या बाईला कुणी घरात घेतलं नाही. अकरा वर्षं तिने ते गुलाबी बाथरूम रोज घासलं होतं, पण तिथे अंघोळ करायची परवानगी तिला एकदाही मिळाली नव्हती. तिला परसात पत्र्याआड एक बादली.

"आणि तुला ओळखलं नाही तिने?"

"माझं आडनाव बापाचं. आणि चोराच्या पोरीचं तोंड कोण लक्षात ठेवतंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग नळ आणखी हलके घेऊ," मी म्हटलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी आम्ही फोडाफोड सुरू केली. सोमवार म्हणजे घरोघरी डुकराचं मांस घालून काळा घेवडा शिजतो, तसा डोन्याकडेही शिजत होता. त्या वासाने पोटात कावळे ओरडत होते. फिदेलियाने मोरीची जाळी काढली, खालचा गाळ अडवणारा ट्रॅप फोडला आणि आत हात घालून चिखल बाहेर ओढला. केसांचे पुंजके, साबणाचे गोळे, कंगव्याचे दात. मग ती थांबली. मूठ बादलीत बुडवली आणि उघडली.

सोनं गंजत नाही हे मला ठाऊक होतं. पोवळंही तसंच राहतं हे त्या दिवशी पाहिलं.

अंगठी तिच्या तळहातावर होती. फिदेलिया रडली नाही. मीच रडले, आणि रडता रडता शिव्या दिल्या. मग ती म्हणाली, "तिला बोलव."

डोन्या आली. फिदेलियाने चिखलाचा हात पुढे केला. "तुमच्या मोरीत होती. एकतीस वर्षं."

"अगंबाई! माझी अंगठी!" डोन्याने ती उचलली, पदराला पुसावी तशी झग्याला पुसली आणि बोटात घातली. "अजून बसते बघ!"

"मी कासिल्दाची मुलगी."

डोन्याने अंगठी बोटात फिरवली. "कासिल्दा... हो का? बरी आहे ना ती? बाई, किती जुनी गोष्ट. कुणाच्या लक्षात आहे आता?"

"आईच्या आहे. तुम्ही आमच्या घरी या आणि तिला एवढंच सांगा की तू चोर नव्हतीस. दुसरं काही नको."

"मी? तुमच्या घरी?" डोन्या हसली. चिडून नाही, खरंच मजा वाटून हसली. "थांब हं." आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. "माझे जुने कपडे आहेत, चांगले आहेत. आईला दे. म्हणावं, मी आठवण काढली."

फिदेलियाने पिशवी घेतली. मला वाटलं, आता ती तिच्या तोंडावर मारेल. तिने "बरं" म्हटलं, पिशवी मोरीच्या खड्ड्याशेजारी ठेवली आणि महिनाभर तिच्यातले झगे फाडून आम्ही हात पुसले. एक रेशमी होता. त्याने सिमेंट नीट पुसलं जात नाही.

त्या दुपारी फिदेलिया मला म्हणाली, "यादी बदलायची."

"अजून वाईट?"

"छे. उत्तमातलं उत्तम. आता हे बाथरूम टिकायला हवं."

बोर्डाचं कपाट गेलं, चिकूच्या लाकडाचं आलं. ते लाकूड इतकं कठीण की सुताराच्या दोन पटाश्या बोथट झाल्या. मुलामा गेला, भरीव पितळ आलं. प्लास्टरचे गुलाब गेले. भिंती मी चुकुमने घोटल्या, आयुष्यात कधी घोटल्या नव्हत्या इतक्या. मोठ्या घरांतून आता हेच करतात, असं सांगितल्यावर डोन्या लगेच तयार झाली. जमिनीला फिदेलियाच्या फरशा, पिवळ्या-गुलाबी फुलांच्या. उतारही मोरीकडे, अगदी सरळ.

आणि एक फरशी वेगळी. पत्र्याच्या पट्ट्या चिमट्याने वाकवून तिने अक्षरं केली, साच्यात ठेवली, अक्षरांत काळा रंग ओतला, बाहेर पांढरा, आणि प्रेसचा दांडा ओढला. फरशी साच्यात पालथी पडते, म्हणून अक्षरं उलटी ठेवायची, हे शेंबडं पोरही सांगेल. पण राग माणसाला काय करतो पाहा, तीच विसरली. साचा उघडला तर सगळी अक्षरं उलटी! ती फरशी माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आहे. पाहुणे विचारतात, कुठली भाषा? दुसरी फरशी मात्र नीट उतरली. पाण्यात ठेवली, सावलीत वाळवली आणि पाचव्या ओळीत बसवली, कमोडच्या बरोब्बर समोर. तिथे बसलेल्या माणसाला दुसरीकडे बघायला जागाच नाही. मग नेहमीप्रमाणे सगळ्या जमिनीवर पुठ्ठा अंथरला, चरे पडू नयेत म्हणून.

प्रार्थनांना दोन दिवस उरले तेव्हा डोन्यासमोर पुठ्ठा उचलला. ती "अहाहा" म्हणाली, आणि मग तिने वाचलं.

कासिल्दा चिमने चोरी केली नाही. अंगठी या मोरीत सापडली.

डोन्याचा चेहरा आधी पांढरा आणि मग जांभळा पडला. "काढ! आत्ताच्या आत्ता काढ हे!"

"निघेल," फिदेलिया शांतपणे म्हणाली. "पण शेजारच्या चार फुटतील. नवीन पाडून वाळवायला महिना लागतो. परवा लोक येणार ना?"

"मी घासून घालवीन!"

"घासा. पण ॲसिड टाकू नका, डोन्या. सिमेंट आहे हे, टाइल नाही. नेमेसियासमोर सांगते आहे."

"माझी जमीन कशी धुवायची ते तू मला शिकवणार? चोरट्यांनो, चालत्या व्हा!"

आमच्या गावात कुठलाही डाग असो, हात आधी ॲसिडच्या बाटलीकडे जातो. डोन्याने दोन बाटल्या ओतल्या. जमीन फसफसली, खोकून खोकून ती बाहेर पळाली, आणि धूर निवला तेव्हा सगळ्या फुलांची झळाळी गेलेली. पिवळं फिकं, गुलाबी फिकं, हात लावला तर खडूसारखं. काळी अक्षरं मात्र जागच्या जागी. उलट आजूबाजूचं फिकटलं म्हणून जास्तच ठसठशीत दिसायला लागली. फिदेलियाला हे आधीच माहीत होतं का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मी तर टाकू नका म्हटलं होतं."

मग डोन्याने वर पायपुसणं टाकलं. पहिल्या दिवशी प्रार्थनेला आलेल्या कुणाच्या तरी पायाने ते सरकलं. तिसऱ्या दिवशी ज्यांना लागली नव्हती तीही माणसं बाथरूमला जाऊन येत होती. पाचव्या दिवशी पोळीवालीच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. ज्या बायकांनी एकतीस वर्षांपूर्वी बोचकं उपसताना पाहिलं होतं, त्या कासिल्दाच्या दारात येऊन कशिदा बघायचं निमित्त करून बसू लागल्या.

नवव्या संध्याकाळी प्रार्थना निम्म्यावर आली असताना दारात कासिल्दा उभी राहिली. अंगात सगळ्यात चांगला, स्वतः भरलेला इपिल, पायांत पांढऱ्या चपला, हातात एक छोटी पिशवी. प्रार्थना मध्येच थांबली. डोन्या अर्धवट उठली, पण प्रार्थनेच्या घरी दार कुणाला बंद करता येतं?

"बाथरूमला जाऊन येते," कासिल्दा म्हणाली. रस्ता कुणी दाखवावा लागला नाही.

कडी लागली. प्रार्थना पुन्हा सुरू झाली. "नमो मरिये, कृपापूर्णे..." आणि तेवढ्यात आतून पाण्याचा आवाज आला. हात धुण्याचा नव्हे, शॉवरचा. माझ्या शेजारची बाई माळेचे मणी चुकली. कासिल्दा अंघोळ करत होती. निवांत, साबण लावून, मध्येच गुणगुणत. आम्ही मरियेला नमन करत राहिलो आणि पाणी वाहत राहिलं, अर्धा तास तरी. फिदेलिया मान खाली घालून बसली होती, पण तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही.

कासिल्दा बाहेर आली ती ओल्या केसांनी, डोन्याचा टॉवेल खांद्यावर घेऊन. सरळ पुढे आली आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीत बसली.

प्रार्थना संपली. ओर्चाता वाटायची वेळ झाली. डोन्या एकेका खुर्चीपाशी पेला देत तिच्यापर्यंत आली. न देऊन चालणार नव्हतं, अख्खा मोहल्ला बघत होता. पेला धरलेल्या बोटात लाल पोवळं होतं.

कासिल्दाने पेला घेतला, एक घोट प्यायली आणि मान वर केली.

"अंगठी जप हं, ओबदुलिया," ती म्हणाली. "अशी वस्तू हरवते, आणि मग लोक भलत्याचंच नाव घेतात."