पूजेला मांडलेला कॉम्प्युटर

खंडेनवमीच्या सकाळी आईने कॉम्प्युटरची पूजा केली आणि बाबांचं बोलणं बंद पडलं.

वाचून कुणाला हसू येईल, म्हणून आधी नीट सांगते. बाबांना स्नायूंचा आजार आहे. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. आता फक्त डोळे हलतात आणि डोकं मात्र पूर्वीसारखंच चालतं, खरं तर जरा जास्तच. त्यांच्या पलंगाशी चाकांच्या टेबलावर एक कॉम्प्युटर असतो. पडद्याखाली कॅमेऱ्याची पट्टी बसवली आहे. बाबा ज्या अक्षरावर नजर ठेवतात ते अक्षर उमटतं आणि वाक्य पुरं झालं की मशीन ते मोठ्याने म्हणतं. आवाज बातम्या सांगणाऱ्या पुरुषासारखा आहे, शब्द बाबांचे. 'वरणात मीठ नाही टाकलं काय' हे त्या बातम्यांच्या आवाजात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसून हसून बेजार झाले होते. पुढे त्याची इतकी सवय झाली की बाबांचा खरा आवाज कसा होता ते आठवायला थांबावं लागतं.

रोज म्हणायची वाक्यं त्यांनी बटणांवर भरून ठेवली होती. नुसतं बटणाकडे पाहिलं की पुरे. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं बटण आईसाठी होतं. आईला साखरेचा आजार आहे. सकाळी ती इन्सुलिनची सुई टोचून घेते आणि मग कामाच्या नादात खायचं विसरते. म्हणून रोज सकाळी बाबांचं मशीन स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "सुई झाली. आता खाय." आई तिकडून "हव, हव" करत पोळी हातात घ्यायची. तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत शेजाऱ्यांनाही ते वाक्य पाठ झालं होतं.

बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. खंडेनवमीला हत्यारांची पूजा ही आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी गोष्ट. घरातली विळी, कात्री, शिवणाचं मशीन, बाबांचे पाने आणि पक्कड, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. बाबांचा एक नियम होता आणि तो ते दरवर्षी बजावायचे: "आधी मशीन बंद, मंग पूजा. चालत्या मशीनले कुंकू लावत नसतात."

यंदा आईने आदल्या दिवशी गोल बाजारातून झेंडू आणला तेव्हाच तिच्या मनात कॉम्प्युटर होता. "यायचं हत्यार आता हेच तर हाय," ती बाबांकडे पाहून म्हणाली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सकाळी मी अंघोळीला गेले आणि आईने बाबांचा नियम तंतोतंत पाळला. मशीन बंद केलं. तिच्या हिशेबाने बंद करणं म्हणजे भिंतीतला प्लग ओढणं. यूपीएस कोकलायला लागला म्हणून त्याचंही बटण दाबलं. प्रोग्रॅम चालूच होता. समोर बाबा डोळे मोठे करून पाहत होते, आणि आईला वाटलं की पूजेत किती मन लागलंय.

मी आले तेव्हा पडद्याला माळ होती, कीबोर्डपुढे वाटीत बताशे होते आणि उदबत्तीचा धूर कॅमेऱ्याच्या पट्टीवर पसरत होता. मी कॉम्प्युटर सुरू केला. तो नीट सुरू झाला. बाबांचा प्रोग्रॅम उघडला, त्याची चौकट दिसली आणि लगेच गेली. पुन्हा उघडला, पुन्हा गेला.

"आई, तू काय केलं?"

"बंद केली अन् पूजा केली. काहून?"

मी तिच्यावर ओरडले नाही, पण ज्या तऱ्हेने गप्प बसले ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. माझा स्वभाव तसा आहे. आईचा चेहरा उतरला. मी ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांना फोन लावला. सुट्टीचा दिवस, तरी एकाने उचलला. त्याच्या बाजूला माताजीच्या पंडालातला माइक चालू होता, आमच्या गल्लीतही जसगीत, म्हणजे देवीचं गाणं, सुरू होतं, दोन्हीकडच्या देवी एकदम गात होत्या. तो म्हणाला, "दीदी, अनइन्स्टॉल करके फिर से डाल लीजिए, हो जाएगा." मी प्रोग्रॅम काढला, पुन्हा टाकला. इन्स्टॉल होताना पडद्यावर भरत जाणारी रेघ पाहून जीव अर्धा झाला. उघडला तर पुन्हा तेच. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. मी परत फोन केला, तर तो उचलेना.

मागे आई देवापुढे उभी राहून मोठ्याने म्हणत होती, "यायचं बोलणं सुरू होईस्तोर मी अन्नाचा कण तोंडात घेणार नाही."

"आई, आता तू नवं काही सुरू करू नकोस," मी पाठ न वळवता म्हणाले.

ती येऊन दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली आणि जपमाळ ओढायला लागली. निदान आता मध्ये येणार नाही, असं मला वाटलं.

बाबांशी बोलायची एक जुनी पद्धत आहे. डोळे वर म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही. पूर्वी अक्षरांचा एक पुठ्ठाही होता, तो कॉम्प्युटर आल्यावर रंगकामात कुठे गेला देव जाणे. नवा लिहून काढावा हे त्या सकाळी माझ्या डोक्यात आलं नाही. डोकं प्रोग्रॅममध्ये अडकलं होतं. मला एकच भीती वाटत होती. बाबांचं बोलणं कायमचं गेलं तर? पुन्हा हे सगळं बसवून द्यायला माणूस कधी येणार? आणि आजार काही वाट पाहत नाही. डोळेसुद्धा थकत चालले होते, ते मला दिसत होतं आणि आम्ही घरात त्याबद्दल बोलत नव्हतो.

मी प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये शिरले. ऑफिसात असली कामं मी कधी करत नाही, तेलीबांध्याच्या आमच्या ऑफिसात त्यासाठी वेगळा माणूस आहे. पण गरज पडली की सगळं येतं. तिथे एक नोंदींची फाइल सापडली. प्रोग्रॅम सुरू होताना काय काय करतो ते त्यात ओळीने लिहिलेलं होतं, आणि दर वेळी शेवटची ओळ एकच: सेटिंगची फाइल वाचतो आहे. त्यापुढे काही नाही. म्हणजे तिथेच तो कोसळत होता. मी ती सेटिंगची फाइल शोधून उघडली. कोरी. फोल्डरमध्ये तिचं वजन, म्हणजे साइझ, दिसत होतं, आत एक अक्षर नव्हतं. आईने प्लग ओढला त्याच क्षणी प्रोग्रॅम ती फाइल लिहीत असणार. लिहिता लिहिता दिवे गेले आणि पान पांढरं राहिलं. पुन्हा टाकताना बाकी सगळं बदललं होतं, ही फाइल मात्र जशीच्या तशी राहिली होती.

ती काढून टाकली तर प्रोग्रॅम नवी बनवेल, एवढं मला कळलं. पण बाबांच्या नजरेचा वेग, शिकवलेले शब्द, बटणांवरची वाक्यं, हे सगळं तिच्यातच असेल तर? कोरी दिसली तरी कुणी जाणकार त्यातून काही परत काढू शकत असेल तर? मी बाबांना विचारायचं ठरवलं.

"बाबा, ही फाइल बाजूला काढू?"

बाबा माझ्या खांद्यावरून मागे पाहत राहिले.

"बाबा, हो का नाही?"

त्यांनी डोळे मिटले. उघडले, पुन्हा मागे पाहिलं, पुन्हा मिटले.

नाही म्हणतात, असं मी समजले आणि माझा धीरच सुटला. मग मी एकेक विचारत सुटले. पाणी? नाही. दुखतंय? नाही. कूस बदलू? नाही. पंखा, पाय, शी, श्वास? नाही, नाही, नाही. त्यांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी वाहायला लागलं. मी ते पुसलं आणि मलाच रडू फुटलं. यांना काहीतरी होतंय आणि ते काय आहे हे मला कधीच कळणार नाही, असं वाटलं. डॉक्टरांना फोन लावावा म्हणून मोबाइल हातात घेतला आणि डॉक्टरांना काय सांगू ते कळेना, म्हणून खाली ठेवला.

शेवटी बाबांच्या 'नाही'ला डावलून मी त्या फाइलचं नाव बदललं. पुसली नाही, नुसतं नावापुढे 'जुनी' लिहिलं. प्रोग्रॅम उघडला. चौकट आली आणि टिकली.

पण तो आमचा प्रोग्रॅम नव्हता. घरी पहिल्या दिवशी आला होता तसा कोरा करकरीत होता. बटणं रिकामी. (ती वाक्यं पुढे दुसऱ्याच एका फाइलमध्ये सापडली, पण त्या वेळी मला ते ठाऊक नव्हतं.) आधी त्याला बाबांचे डोळे ओळखायचे होते. त्यासाठी पडद्यावर एकामागून एक ठिपके येतात आणि त्यांच्याकडे टक लावून बघावं लागतं. पहिला ठिपका आला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर सटकन मागे गेली. प्रोग्रॅम म्हणाला, पुन्हा करा. पुन्हा केलं. पुन्हा नजर मागे.

"बाबा, ठिपक्याकडे बघा ना! इकडे तिकडे काय बघता?" या वेळी मी ओरडलेच. "मी सकाळपासून कशासाठी मरते आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. आणि ठिपका जिथे जाईल तिथे, पापणीही न हलवता, डोळ्यांत तेल घालावं तशी नजर नेली. ओळख पटली. मी मराठी अक्षरं लावली. वेगही पहिल्या दिवसाचा, मुंगीच्या चालीचा. एक अक्षर उमटलं. आ. मग ई.

"आई? आहे ना आई, ही काय मागे," मी आनंदाने म्हणाले.

ब. घ.

मी वळले.

आई चौकटीला टेकलेलीच होती, पण मान एका बाजूला कलली होती. कपाळावरून घाम ओघळत होता, पदर भिजला होता, माळ मांडीवरून खाली पडली होती. मी हाक मारली तेव्हा तिने डोळे उघडले आणि अनोळखी माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. "थांब वं," ती म्हणाली, "यायचा डबा भरून राहिली मी." बाबांचा डबा भरायचं बंद होऊन वर्षं झाली होती.

तेव्हा मला सुई आठवली. सुई झाली होती. खाल्लं नव्हतं. आणि रोज सांगणारं मशीन सकाळपासून गप्प होतं. माझे सगळे प्रश्न बाबांबद्दलचे होते.

कीबोर्डपुढच्या वाटीतला बताशा उचलून मी तिच्या तोंडात कोंबला. मग दुसरा. मशीनला दाखवलेला नैवेद्य मी आईला भरवत होते आणि "चाव, आई, चाव" म्हणून रडत होते. मग साखरेचं पाणी आणलं, चमच्याने पाजलं. पलंगावरून बाबा पाहत होते. हळूहळू तिच्या ओठांना रंग आला. तिने पदराने घाम पुसला, खाली पडलेली माळ पाहिली, उचलून डोळ्याला लावली. मग तिला माझ्या हातातली रिकामी वाटी दिसली.

"नैवेद्य दिला मले? मी तं बोलली होती, हे बोलेस्तोर खाणार नाही म्हणून."

"बोलले ते," मी म्हणाले. "बोलले म्हणून तर."

तिने मान वळवून बाबांकडे पाहिलं. जीव थाऱ्यावर आला होता, आता तिला राग सुचत होता, आणि तो राग ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच फरशीवर बसले.

"मंग सकाळीच काहून नाही सांगितलं?" ती बाबांना म्हणाली. "रोज तं सांगता."

बाबांची नजर अक्षरांवर फिरायला लागली. फार वेळ लागला. पंडालातलं एक गाणं संपून दुसरं सुरू झालं. आम्ही दोघी पडद्याकडे पाहत बसलो. नव्या फाइलमध्ये आवाजही बदलला होता, तो आता कुणा अनोळखी बाईचा होता. वाक्य पुरं झालं आणि ती बाई म्हणाली, "सांगून तं राहिलो होतो."